बंद पडलेली जीप-पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना

गावाकडच्या घरामागे, गोठ्याच्या पडवीला किंवा चिंचेच्या झाडाखाली उभी असलेली जुनी जीप-पिकअप हे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचे दृश्य आहे. एके काळी याच गाडीच्या हौद्यातून खताची पोती, आठवडी बाजाराचा भाजीपाला आणि प्रसंगी लग्नाचे वऱ्हाडही गेलेले असते. पुढे घरातली मुले शहरात येतात, गाडी चालवणारे हात थकतात आणि 'पुढच्या महिन्यात काम काढू' असे म्हणता म्हणता दहा-पंधरा वर्षे निघून जातात. मग एखाद्या दिवाळीत सारे जण एकत्र जमले की विषय निघतो. भंगारवाला नेतो म्हणतो, ती द्यावी की पुन्हा चालती करावी?

चालती करण्याचा निर्णय होतो तेव्हा बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. बॅटरी आणली जाते, मिस्त्री बोलावला जातो, इंजिन धूर सोडत सुरू होते आणि टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी गाडी रंगाला जाते. शिलकीतले पैसे तिथेच संपतात. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग मात्र पूर्वी होते तसेच राहतात. इंजिन सुरू होणे आणि गाडी रस्त्यावर येण्यायोग्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी पैशांत गाडी उभी करायची असेल तर खर्चाचा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी थांबण्याची सोय, मग वळण्याची, त्यानंतर धावण्याची आणि सर्वांत शेवटी दिसण्याची.

गाडी कोणती, हे आधी ओळखा

आपल्याकडे 'जीप' हा शब्द सरसकट वापरला जातो. त्यामागे इतिहास आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून 'महिंद्र अँड महिंद्र' या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेल्या उंच बॉनेटच्या 'सीजे-३बी' या नमुन्याची जीप पुढे आपल्याकडे अनेक वर्षे तयार होत राहिली. लांब सांगाड्यावर मागे हौदा बांधलेल्या पिकअप गाड्या याच कुळातल्या. बॉनेट उंच होण्याचे कारण तिचे 'हरिकेन' नावाचे पेट्रोल इंजिन. सुमारे २.२ लिटरच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर गेले.

ऐंशीच्या दशकात डिझेल स्वस्त म्हणून अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवून घेतले. कंपनीच्या गाड्यांतही पुजो जातीचे 'एक्सडीपी ४.९०' हे डिझेल इंजिन आले. म्हणून सुटे भाग घेण्यापूर्वी आपल्या गाडीत आज प्रत्यक्षात कोणते इंजिन, कोणता गिअर बॉक्स आणि किती व्होल्टची वीजव्यवस्था आहे, याची नोंद वहीत करून ठेवावी. जुन्यात जुन्या जीपांत सहा व्होल्टची व्यवस्था असे. त्यात बारा व्होल्टची बॅटरी जोडली तर बल्बपासून कॉइलपर्यंत सारे जळण्याची शक्यता असते. पुढील माहिती मुख्यतः पेट्रोल जीप-पिकअपला धरून दिली आहे. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांचे नियम मात्र डिझेल गाडीलाही तसेच लागू होतात.

पान्याआधी कागद

पाना हातात घेण्यापूर्वी घरातले कपाट उघडावे. नोंदणी पुस्तिका, विम्याची जुनी कागदपत्रे आणि कराच्या पावत्या जे सापडेल ते एकत्र करावे. नंतर सांगाड्यावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करून नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावा. क्रमांक जुळत नसेल, किंवा गंजाने तो भागच नाहीसा झाला असेल, तर परिवहन कार्यालयात चौकशी होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. कितीही उत्तम दुरुस्त केलेली गाडी कागदाअभावी अंगणातच उभी राहते.

पिकअपच्या बाबतीत एक प्रश्न निर्णायक ठरतो. तिची नोंदणी खासगी वाहन म्हणून आहे की मालवाहू म्हणून? खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. महाराष्ट्रात जुन्या वाहनांना पर्यावरण कर आहे. त्याखेरीज ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपयांवर नेले. थकलेला कर आणि विलंबशुल्क वेगळे. हा आकडा परिवहन कार्यालयातून आधी काढून घ्यावा, कारण काही गाड्यांच्या बाबतीत कागदाचा खर्च ब्रेकच्या खर्चाच्या पुढे जातो. जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकात चढलेल्या नसतील तर ती नोंद चढवून घेण्याचे कामही आधी करावे लागते. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे हस्तांतर आलेच.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते. मात्र हा मार्ग बिगरव्यापारी, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या कामासाठी नाही. भाजीचे क्रेट वाहण्याचा विचार असेल त्याने या वाटेला जाऊ नये. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला ही सवलत मिळते का, हेही आधीच विचारून घ्यावे.

इंजिन बदललेले असेल, पेट्रोलचे डिझेल केलेले असेल, तर त्या बदलाची नोंद पुस्तिकेत आहे का ते पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. जुन्या मालकाने केलेली चूकही तपासणीच्या वेळी नव्या मालकासमोरच उभी राहते.

सांगाडा पाहा, मग निर्णय घ्या

बॉडीचा पत्रा कुजलेला असेल तर तो कापून नवा जोडता येतो. सांगाडा कुजला असेल तर मात्र गणितच बदलते. गाडी सपाट जागी घ्यावी, खालची माती खरवडावी आणि जाड स्क्रू ड्रायव्हरने सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्या टोचत जावे. पाटे जिथे अडकवलेले असतात ते कान, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि हौद्याच्या खालचा भाग ही गंजाची आवडती ठिकाणे आहेत. कोकणातील गाड्यांत खारी हवा आणि पाऊस यांमुळे हे विशेष आढळते. स्क्रू ड्रायव्हर पत्र्यात घुसला, किंवा पट्टी पापुद्रे सोडून फुगलेली दिसली, तर एखाद्या जाणत्या वेल्डरला दाखवावे. एखाद-दुसऱ्या ठिकाणी जाड पट्टी जोडून काम भागते. सगळीकडेच चाळण झाली असेल तर थोडक्या पैशांत गाडी उभी राहील या आशेवर राहू नये. चासी क्रमांकाच्या जागेवर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग कदापि करू देऊ नये.

येथे एक धोक्याची सूचना अगत्याची आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक घसरतो, जुना असेल तर हळूहळू बसतो. पक्के लोखंडी स्टँड किंवा रुंद लाकडी ओंडके लावूनच खाली जावे आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी. या जीपांचा हँडब्रेक बहुधा चाकांवर नसून गिअर बॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे गाडी हँडब्रेक ओढलेला असतानाही सरकू शकते. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या अंगावर गाडी यायला क्षणाचाही वेळ लागत नाही.

आधी थांबण्याची सोय

जुन्या जीपचा ब्रेक एकेरी रचनेचा असतो. पेडल दाबले की एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच मार्गाने चारही चाकांकडे दाब जातो. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवतो. जीपमध्ये मात्र एका चाकाचा रबरी होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एका क्षणात जातो. घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, ते सांगण्याची गरज नाही. म्हणून 'तीन चाकांचे ठीक आहे, एकाचेच काम करू' हा हिशेब येथे चालत नाही.

चारही ड्रम उघडावेत. ते गंजाने घट्ट बसलेले असतात. हातोड्याने सरळ घाव घालण्याऐवजी गंज सोडवणारे तेल टाकून एक-दोन दिवस थांबावे, अ‍ॅडजस्टर मागे घ्यावेत आणि मग ओढावे. आतली काळी धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ती धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने ती पुसावी आणि फडके टाकून द्यावे.

व्हील सिलिंडर आतून गुळगुळीत असतील तर केवळ रबरी वायसरांचा किट बदलून भागते. खड्डे पडले असतील तर नवे सिलिंडर बसवावेत. तिथे काटकसर करू नये. सर्व रबरी होज, ते वरून चांगले दिसत असले तरी, बदलावेत. जुना होज आतून फुगून बंद होतो, दाब जातो पण परत येत नाही आणि चाक धरून राहते. लोखंडी पाइप गंजलेले असतील तर तेही नवे करावेत. ब्रेक शूंना नवे लायनिंग लावून घेण्याचे काम जुन्या गॅरेजांच्या वस्तीत आजही स्वस्तात होते. ड्रमला खाचा पडल्या असतील तर लेथवर हलका हात मारून घ्यावा. शेवटी 'डॉट ३' दर्जाचे, सीलबंद डब्यातले नवे ब्रेक ऑइल भरून मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून हवा काढावी. हे ऑइल हवेतले बाष्प शोषते. म्हणून उघडा पडलेला जुना डबा वापरू नये.

पेडल घट्ट लागले म्हणजे काम संपले असे नाही. पेडलवर जोराने पाय देऊन एक मिनिट तसाच ठेवावा. पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून सुटतो आहे, असे समजावे.

टायर आणि स्टिअरिंग

दहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी शिल्लक असते आणि तीच मालकाला फसवते. रबर वयाने कडक होते आणि बाजूंना बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. केवळ तीन आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे, त्याचा विचारही करू नये.

या जीपांना ६.०० - १६ या मापाचे टायर असत. नेमक्या याच मापाचे टायर अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांनाही असतात. ते तालुक्याच्या गावी सहज मिळतात आणि त्यामुळेच ते पिकअपला बसवण्याचा मोह होतो. परंतु लांब उभ्या कडांचा तो टायर शेतात दिशा धरण्यासाठी बनवलेला असतो. डांबरी रस्त्यावरील वेग आणि ओल्या रस्त्यावरचा ब्रेक यांसाठी तो नाही. रस्त्यावरच्या वाहनासाठी बनवलेला टायर, आणि त्यासोबत नवी ट्यूब व फ्लॅप, हाच योग्य मार्ग. चाकांच्या रिमला तडा किंवा गंज नाही ना, तेही टायर उतरवलेला असतानाच पाहून घ्यावे.

चाके खोलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्याचे असतात आणि ते उलट दिशेने सुटतात. हे माहीत नसलेला मदतनीस पान्याला पाइप लावून जोर करतो आणि बोल्ट तोडतो. बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' हे अक्षर असेल तर आटे उलटे आहेत.

स्टिअरिंगसाठी पुढचे चाक उचलून वर-खाली हलवून पाहावे. खटखट आली तर हबचे बेअरिंग किंवा किंगपिन ढिले आहेत. आडवे हलवल्यावर खेळ दिसला तर टाय रॉडचे बॉल जॉइंट तपासावेत. ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागण्याचा जीपचा प्रसिद्ध रोग बहुधा याच ढिलाईतून येतो. केवळ स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून तो जात नाही. पाट्यांची पाने तुटलेली नाहीत ना, शॅकलचे बुश गेलेले नाहीत ना, हे पाहून सर्व ग्रीस निपल साफ करावेत आणि प्रत्येकात नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. ग्रीस गनमधले थोडे पैसे पुढे हजारो रुपये वाचवतात.

आता इंजिन, पण घाईने नव्हे

बंद पडलेले इंजिन थेट सेल्फ मारून फिरवणे ही पहिली मोठी चूक. सिलिंडरच्या भिंती कोरड्या आणि गंजलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांना चिकटलेल्या असतात. जोर दिला की रिंग तुटते आणि दोन दिवसांचे काम दोन महिन्यांचे होते.

चारही प्लग काढून प्रत्येक छिद्रातून थोडे इंजिन ऑइल व डिझेल यांचे मिश्रण सोडावे आणि दोन-तीन दिवस थांबावे. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, प्लग काढलेलेच असू देऊन, पुढच्या हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पाहावे. हलले नाही तर पुन्हा मिश्रण टाकून थांबावे. या इंजिनाचे धूर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने बाजूचे झाकण काढले की ते वर-खाली होतात का, ते डोळ्यांनी दिसते. एखादा अडकला असेल तर तेथेच कळते.

इंजिन मोकळे झाले की जुने ऑइल काढून टाकावे. शक्य असेल तर सम्प उतरवून तळाचा काळा गाळही स्वच्छ करावा, कारण हा गाळ ऑइल पंपाची जाळी बंद करतो. नवे ऑइल भरल्यावर प्लगशिवाय इंजिन फिरवून ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. हे काम कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये काही मिनिटांत होते. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये फरक किती, हे महत्त्वाचे. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन बांधण्याची घाई करू नये. थोडे ऑइल खाणारे इंजिनही वर्ष-दोन वर्षे प्रामाणिकपणे चालते. 'आता खोललेच आहे तर पूर्ण बांधून घेऊ' या एका वाक्याने आजवर अनेकांची अंदाजपत्रके कोलमडली आहेत.

ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवावी. कंडेन्सर आणि प्लग नवे घ्यावेत. त्यांना फार पैसे पडत नाहीत. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. वायरी काढताना खुणा केल्या नसतील तर हा क्रम उपयोगी पडतो.

इंधन, पाणी, वीज

जुने पेट्रोल वाळून टाकीत राळेसारखा थर बसतो आणि त्याला वार्निशासारखा उग्र वास येतो. टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून धुऊन घ्यावी. टाकीला छिद्र असेल तर ती घरी किंवा नवख्या वेल्डरकडे कदापि वेल्ड करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफच स्फोट घडवते. हे काम करणारे जाणते कारागीर असतात, त्यांच्याकडेच द्यावे किंवा दुसरी टाकी शोधावी.

इंधनाबाबत आजचा प्रश्न वेगळा आहे. देशातील पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्या काळातील रबरी नळ्या, एसी पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केटे अशा इंधनासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ होतात आणि गळू लागतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, पंपाचा आणि कार्बोरेटरचा किट बदलावा आणि गाडीत लहान अग्निशामक नळकांडे कायम ठेवावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये.

रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्या साफ करून घ्याव्यात. ब्लॉकमधला गंजही उलट्या बाजूने पाणी सोडून काढावा. होज पाइप आणि फॅन बेल्ट नवे घालावेत. गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांतले जुने ऑइल काढून पाहावे. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. गिअर बॉक्ससाठी 'जीएल-४' दर्जाचे ऑइल मागावे. त्याहून वरच्या दर्जाच्या काही ऑइलमधली रसायने जुन्या गिअर बॉक्समधील पितळी भागांना मानवत नाहीत.

वायरिंगमध्ये ठिगळे लावत बसण्यापेक्षा साधे नवे वायरिंग करून घेणे बहुधा स्वस्त पडते. या गाडीत दिवे, हॉर्न, वायपर, डायनामो आणि सेल्फ याखेरीज विजेचे फारसे काही नसते. प्रत्येक मार्गाला फ्यूज मात्र हवाच. मागचे ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि लाल परावर्तक चोख असावेत. मूळ गाडीत सीट बेल्ट नव्हते म्हणून आजही नसावेत असे नाही. सांगाड्याला धरलेल्या भक्कम जागी ते बसवून घ्यावेत.

सुटे भाग कोठे शोधावेत

या गाडीचे भाग मिळत नाहीत, ही तक्रार पूर्णतः खरी नाही. एकाच कुळातील गाड्या कित्येक दशके बनत राहिल्याने ब्रेक किट, बेअरिंग, क्लच प्लेट, क्रॉस, पंप किट असे नेहमी झिजणारे भाग आजही मिळतात. मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि जुन्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ ही नेहमीची ठिकाणे. जे मिळत नाही ते बनवून घेता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वस्तीत बुश, पिन किंवा स्पेसर लेथवर करून देणारे कारागीर आहेत. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा, तोंडी वर्णनावर विसंबू नये. ब्रेकचे रबर, होज आणि बॉल जॉइंट मात्र जुन्या बाजारातून कधीही घेऊ नयेत. डायनामोची बॉडी, फाळका, बंपर, रिम अशा वस्तू तिथून घ्यायला हरकत नाही.

याहून मोलाचा सुटा भाग म्हणजे जाणता मिस्त्री. कार्बोरेटर आणि पॉइंटची कामे करणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे. असा मिस्त्री मिळाला तर त्याच्याकडून केवळ काम करून घेऊ नये, शेजारी उभे राहून शिकावे. पुढच्या वेळी वाटेत गाडी बंद पडेल तेव्हा तो सोबत नसेल.

शंभर रुपयांचा हिशेब

कागदपत्रांचा खर्च बाजूला ठेवून दुरुस्तीसाठी शंभर रुपये आहेत असे धरले, तर वाटणी ढोबळमानाने अशी असावी. ब्रेकला पंचवीस, टायर-ट्यूबला वीस, स्टिअरिंग आणि पाट्यांना पंधरा, इंधन, ठिणगी आणि पाणी यांना मिळून पंधरा, विजेला दहा. उरलेले पंधरा रुपये हात न लावता ठेवावेत, कारण गाडी खोलल्यावर काही ना काही अनपेक्षित निघतेच. या यादीत रंग नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. गंज थांबवण्यासाठी खरवडून प्राइमरचा हात मारून ठेवावा. रंग पुढच्या वर्षीही देता येतो. इंजिन पूर्ण बांधावे लागणार असेल किंवा सांगाडा बदलावा लागणार असेल तर मात्र हा हिशेब टिकत नाही.

तशी वेळ आल्यास गाडी सोडून देण्यातही कमीपणा नाही. नोंदणीकृत भंगार केंद्रात ती दिली तर जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रीतसर रद्द होते. ओळखीच्या भंगारवाल्याला कागदांशिवाय दिलेली गाडी, किंवा तिचा क्रमांक, पुढे कोठे वापरला गेला तर चौकशी मूळ मालकाच्या दारी येते.

पहिले पाचशे किलोमीटर

विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी झाल्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. जुन्या पेट्रोल चारचाकीला धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर ती गाठणे अवघड नसते.

पहिली चाचणी अंगणात किंवा रिकाम्या खासगी जागेत, चालण्याच्या वेगाने घ्यावी. चाचणीत फक्त ब्रेक पाहावा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल दुसऱ्या दाबाला वर येते का? त्यानंतर वीस-तीसच्या वेगाने गावातला सपाट रस्ता. दहा किलोमीटरनंतर उतरून हात लावून पाहावा. एखादा हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट, यू-क्लॅम्प आणि स्टिअरिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत. पाचशेनंतर इंजिन ऑइल बदलावे, कारण आतला जुना गाळ त्यात उतरलेला असतो. तोवर हौद्यात माल नको, घाट नको आणि रात्रीचा प्रवासही नको.

ही गाडी आजच्या पिकअपशी स्पर्धा करणार नाही. तिला थांबायला जास्त अंतर लागते, वळायला जास्त जोर लागतो आणि पन्नास-साठच्या पुढे तिला रेटण्यात शहाणपण नाही. चालवणाऱ्याने हे मान्य केले तर ती आणखी एक पिढी साथ देईल. चिंचेखालून निघालेली गाडी आधी पेट्रोल पंपापर्यंत जाऊन सुखरूप परत यावी. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.

निघण्यापूर्वी तपासा

- पेडल एक मिनिट दाबून धरल्यावर खाली बसत नाही.
- चारही चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओघळ नाही.
- टायर रस्त्यावरच्या वाहनाचे आहेत, वर्ष वाचले आहे, बाजूला भेगा नाहीत.
- इंजिन चालू असताना पेट्रोलचा वास येत नाही आणि नळ्या कोरड्या आहेत.
- ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणारे काटे हलतात.
- ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न आणि वायपर चालतात.
- नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र, तसेच मालवाहू असल्यास योग्यता प्रमाणपत्र गाडीत आहे.
- जॅक, पाना, अडणी, अग्निशामक नळकांडे आणि पाण्याचा कॅन सोबत आहे.